ग्राफवरचा सिमेंटचा डोंगर

आमच्या लॅबमध्ये दिवसातून एकदा तरी ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ताई, हे दोन ग्राफ एकावर एक टाकून द्याल का?"

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पोरोसिमीटर चालवते. घन वस्तूच्या आत किती छिद्रं आहेत आणि ती केवढी आहेत, हे मोजणारं मशीन. लोक काहीही घेऊन येतात. नारळाच्या करवंटीचा कोळसा, औषधाच्या गोळ्या, बॅटरीतल्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्या, काँक्रीटचे तुकडे. बहुतेकांना शेवटी एकच गोष्ट हवी असते. आधीचं आणि नंतरचं, आपलं आणि बाजारातलं, जुनं आणि नवं, असं काहीतरी एकाच चौकटीत, दोन रंगांत. गाईडला दाखवायला, पेपरात छापायला, थीसिसच्या चौथ्या चॅप्टरमध्ये टाकायला.

सॉफ्टवेअरमध्ये हे काम दहा सेकंदांचं आहे. पहिली फाइल उघडायची, ओव्हरले म्हणायचं, दुसरी फाइल निवडायची. एक लाल रेघ, एक निळी रेघ. आपली रेघ उंच दिसली की पोरं खूश होतात, खाली दिसली की चेहरा पडतो.

सहा वर्षं मी हे करतेय. पण दोन रेघा एकावर एक ठेवायच्या म्हणजे नेमकं काय करायचं, याचा सगळ्यात जास्त विचार मला कुठल्या थीसिससाठी नाही, तर आमच्या गावच्या घराच्या एका भिंतीसाठी करावा लागला.

ओल

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. पणजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, चुन्याच्या गिलाव्याचं. काका, काकू आणि आजी तिथे राहतात. आम्ही मे महिन्यात आणि गणपतीला जाणारे.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. जांभा म्हणजे तो लाल, भोकाभोकांचा दगड. खाणीतून कापताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०७ साली केरळातल्या अंगाडीपुरम इथला हा दगड पाहून त्याला 'लॅटेराइट' असं नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. कोकणातल्या माणसाला ते नाव पटावं, कारण इथे चिरा विटेसारखाच रचतात.

आमच्या घराची पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडाला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातली झड येते ती पश्चिमेकडूनच. आजोबा होते तोवर मिरगाच्या आधी त्या भिंतीला नारळाची झापं बांधायचे. पुढे ते बंद झालं. साधारण पंधरा वर्षांपूर्वी तिथला चुन्याचा गिलावा फुगला, तेव्हा काकांनी तो काढून सिमेंटचा केला. दोन-तीन पावसाळे छान गेले. मग आतून ओल दिसायला लागली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. रंगाचे पोपडे आले, लोणा लागला, कपाटातल्या साड्यांना वास यायला लागला. ती खोली आजीची. दोन वर्षं झाली, आजी माजघरात झोपते.

मग काकांनी एका कंत्राटदाराकडून अंदाज आणला. सगळ्या घराला आतून-बाहेरून सिमेंटचा नवा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंगचं केमिकल. बाबांनी फोनवर आवाज चढवला. "सिमेंटनेच वाट लावलीय, आणि तू सगळ्या घराला लावायला निघालास?" काका म्हणाले, "चुना लावणारा गवंडी आणून दाखव, मग बोल." घर सामाईक. खर्च अर्धा-अर्धा, मतंही अर्धी-अर्धी. मागून काकूंचा आवाज आला की दोघांनी भांडण्यापेक्षा पोरीला विचारा, ती तेच शिकलीय ना.

काकांनी मला विचारलं, "तुझं मशीन सांगेल का गं, दोष कुणाचा ते?"

मी म्हटलं, "दोष नाही सांगणार काका. छिद्रं सांगेल."

पारा

फेब्रुवारीत काकांनी स्वतः छिन्नीने तुकडे काढून दिले. तीन पिशव्या आणि त्यांवर मार्करने लिहिलेलं 'जांभा', 'जुना चुना', 'सिमेंट'. चुना माजघरातल्या कोनाड्यामागचा होता, तिथला गिलावा कधी कुणी हलवलेला नव्हता. सरांची परवानगी घेतली, सुट्टीच्या आठवड्यातले रिकामे स्लॉट मिळाले.

आमचं मशीन पाऱ्यावर चालतं. फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा तुम्ही पाहिला असेल. तो फरशीवर पसरत नाही, गोळ्या होऊन पळतो. पाण्याला जशी दगडात शिरायची ओढ असते, तशी पाऱ्याला नसते. त्याला छिद्रात घालायचं तर ढकलावं लागतं, आणि छिद्र जितकं बारीक तितका दाब जास्त. एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ साली हे समीकरणात मांडलं. त्यामुळे कामाची पद्धत सरळ आहे. नमुन्यातली हवा काढायची, भोवती पारा भरायचा, दाब टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्याला किती पारा आत गेला ते टिपायचं. दाबावरून छिद्राचा व्यास कळतो, गेलेल्या पाऱ्यावरून तेवढ्या व्यासाच्या छिद्रांची जागा. आमचं मशीन हवेच्या दाबाच्या चार हजारपट जाऊ शकतं. तिथे पारा तीन नॅनोमीटरच्या फटीतही शिरतो.

त्यानंतर तो तुकडा कुणाला परत देता येत नाही. पारा आत अडकून बसतो, तुकडा घातक कचऱ्यात जातो. पणजोबांच्या चुन्याचा एक ग्रॅम त्या डब्यात टाकताना मला थोडं वाईट वाटलं, पण ते असू दे.

दोन गोष्टी मात्र ग्राफ बघण्याआधी माहीत हव्यात.

पहिली म्हणजे, पारा दार मोजतो, खोली नाही. समजा छोट्या दाराची मोठी खोली आहे. दाब दारापुरता वाढेपर्यंत पारा बाहेर थांबतो, आणि दार उघडलं की एकदम सगळी खोली भरतो. मशीन लिहून ठेवतं की एवढी जागा, एवढ्या बारीक छिद्रांची. आमच्या धंद्यात याला दौतीचा परिणाम म्हणतात, बारीक मानेच्या दौतीवरून. म्हणजे ग्राफवरचा आकडा खरं तर वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेचा असतो.

दुसरी गोष्ट अजून गमतीची आहे. जांभ्यातली जी भोकं डोळ्यांना दिसतात, ती ग्राफवर नसतातच. मिलिमीटरभर भोकात पारा सुरुवातीला, मोजणी सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसतो. आमचं मशीन साधारण ३६० मायक्रॉनपासून खाली बघायला लागतं. (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.) काकांना ग्राफ दाखवला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता. "जांभ्याला एवढीच भोकं? मला तर इथून दिसतायत." बरोबर होतं त्यांचं.

एकाच मापाने

तिन्ही फाइली तयार झाल्या. आता ओव्हरले. इथे दहा सेकंदांचं काम मी दीड दिवस करत बसले. का, ते सांगते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर आहे.

पाऱ्याचा थेंब दगडावर किती अंशाच्या कोनात टेकतो, हा आकडा सॉफ्टवेअरला आपण द्यायचा असतो. कुणी १३० अंश देतं, कुणी १४०. वरवर किरकोळ फरक. पण त्या दहा अंशांनी प्रत्येक छिद्राचा व्यास साधारण १९ टक्क्यांनी बदलतो. म्हणजे तोच दगड, तेच मशीन, दोन ऑपरेटर, आणि दोन रेघा एकमेकींपासून सरकलेल्या. एखादी विद्यार्थिनी दुसऱ्या लॅबची फाइल घेऊन येते आणि म्हणते, माझ्या मटेरियलची छिद्रं मोठी झाली, तेव्हा मी आधी हा कोन बघते.

मग वजन. मशीन सवयीने 'दर ग्रॅममागे किती जागा' असं सांगतं. जांभ्यात लोह भरपूर. त्याचा एक ग्रॅम म्हणजे लहानसा तुकडा, चुन्याचा एक ग्रॅम त्याहून मोठा. ग्रॅमला ग्रॅम लावला तर जांभ्यावर अन्याय होतो. भिंत काही आपण वजनावर बांधत नाही, तेव्हा मी सगळं 'दर घन सेंटिमीटरमागे' करून घेतलं. वाळवणंही तिघांचं सारखं. सिमेंटला कडक ऊन दाखवलं की त्याची बारीक छिद्रं बिघडतात, म्हणून तिन्ही नमुने आधीच चाळीस अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवले होते.

राहिला उभा अक्ष. या ग्राफचे दोन प्रकार जास्त चालतात. एकात छिद्राच्या व्यासाच्या दर एककामागे किती जागा, ते काढतात. दुसऱ्यात व्यासाच्या लॉगच्या दर एककामागे. नावं अवघड आहेत, पण परिणाम सोपा आहे. आमचा आडवा अक्ष काही नॅनोमीटरपासून शेकडो मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणून तो लॉगमध्येच काढावा लागतो. अशा अक्षावर पहिला प्रकार वापरला तर बारीक छिद्रं भिंगातून बघितल्यासारखी फुगतात. एक मायक्रॉनच्या छिद्रांना आणि ०.०५ मायक्रॉनच्या छिद्रांना सारखीच जागा असली, तरी बारीक छिद्रांचा सुळका वीसपट उंच दिसतो. दुसऱ्या प्रकारात रेघेखालचं क्षेत्रफळ खऱ्या जागेशी जुळतं.

मी दोन्ही काढून बघत होते. पहिल्या प्रकारात सिमेंटचा डोंगर स्क्रीनच्या वरच्या कडेला टेकला आणि चुना खाली सपाट पडला. तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. लॅपटॉपकडे बघितलं, विचारलं, "यातलं सिमेंट कुठलं?" मी म्हटलं, "लाल, पण थांबा, हे अजून..." आणि मी फोनवर बोलायला आत गेले. परत आले तोवर फॅमिली ग्रुपवर फोटो पडला होता. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका, खिडकीच्या प्रतिबिंबासकट. खाली बाबांचं वाक्य: "सायन्टिफिक पुरावा. सिमेंटला छिद्रंच छिद्रं. चुना बघा कसा शांत."

दहा मिनिटांत आत्याचे तीन अंगठे आले. मुंबईच्या चुलतभावाने आगीचा इमोजी टाकला. काकांच्या नावाखाली दोन निळ्या खुणा, आणि काहीच नाही.

आपल्याच बाजूचं खोटं

आता इथे माझी पंचाईत समजून घ्या. त्या घराला सिमेंट लावू नये, हे माझंही मत होतं. तो फोटो माझ्या बाजूने बोलत होता. आणि तो जे बोलत होता ते खोटं होतं. म्हणजे आकडे खरे होते, अक्षही पुस्तकात असलेला होता, पण बघणाऱ्याच्या डोक्यात जे जात होतं ते उलटं होतं. सिमेंटमध्ये छिद्रं जास्त नाहीत, कमी आहेत.

मी बाबांना म्हटलं, हा फोटो काढा. ते म्हणाले, "का? चूक आहे का?"

"चूक नाही, पण त्याचा अर्थ तुम्ही लिहिलाय तो नाही."

"मग राहू दे की. शेवटी आपलंच म्हणणं आहे ना. सिमेंट नको."

मला वाटतं हे वाक्य मी लॅबमध्ये वेगवेगळ्या आवाजांत शंभरदा ऐकलंय. "ताई, हा अक्ष घेतला तर पीक चांगला दिसतो." "मॅडम, दोन्ही ग्राफ आपापल्या पीकला शंभर करून टाका ना, मग सारखे दिसतील." कुणी फसवायला बसलेलं नसतं. त्यांना आपलं म्हणणं खरं असल्याची खात्री असते, आणि खऱ्या गोष्टीला थोडी मदत केली तर बिघडलं कुठे, असं वाटतं. मी तेव्हा शांतपणे नियम सांगते. इथे समोर बाबा होते, आणि पलीकडे चाळीस वर्षं ते घर सांभाळणारा माणूस गप्प बसला होता. आम्ही मे महिन्यात आंबे खायला जायचो, तेव्हा छपरावर नळे परतायला काका चढायचे. सिमेंट लावलं ते त्यांनी, कारण त्या वर्षी गिलावा पडत होता आणि चुन्याचा गवंडी तालुक्यात मिळाला नव्हता. त्या फोटोचा अर्थ त्यांच्यापुरता एवढाच होता की पुण्याच्या लॅबने त्यांना दोषी ठरवलं.

संध्याकाळी मी ग्रुपवर दुसरा ग्राफ टाकला. दुसऱ्या प्रकारचा, दर घन सेंटिमीटरमागे, तिन्ही रेघा, एकच कोन. खाली लिहिलं: "सकाळचा फोटो काम चालू असतानाचा होता, त्यावरून काही ठरवू नका. हा बघा. चुन्याची छिद्रं अर्ध्या ते एक मायक्रॉनच्या आसपास आणि एकूण जागा जास्त. सिमेंटची ०.०५ मायक्रॉनच्या आसपास आणि एकूण जागा कमी. जांभा दोघांपेक्षा पसरट, बारीक ते जाड सगळं थोडं थोडं."

आत्याने विचारलं, "मग जिंकलं कोण?"

बाबांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला मात्र म्हणाले, "आता झाली ना पंचाईत."

काकांचा मुद्दा

रात्री काकांचा फोन आला. त्यांनी ग्राफ मोठा करून बघितला होता.

"म्हणजे चुन्याला भोकं जास्त, आणि मोठी. बरोबर?"

"बरोबर."

"सिमेंटची कमी, आणि बारीक."

"हो काका."

"मग पाणी कशातून जास्त आत येणार? तुझाच ग्राफ सांगतोय, सिमेंट लावा."

हा मुद्दा साधा नव्हता. भिंत म्हणजे भांडं धरलं आणि गिलावा म्हणजे झाकण, तर काकांचं शंभर टक्के खरं आहे. मी म्हटलं, काका, आत येण्याची वाट बघितली, आता बाहेर जाण्याची बघू.

दगडी भिंतीत पाणी येणारच. जमिनीतून येतं, वरून झिरपतं, पागोळ्यांचं उडतं. बारीक छिद्र पाणी जोरात ओढतं. एक मायक्रॉन त्रिज्येची नळी हिशेबाने पाणी पंधरा मीटर वर चढवू शकते. पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजले. तरी कुठल्या घराची भिंत पाच मजले ओली होत नाही, कारण चढता चढता पाणी पृष्ठभागावरून वाळून जातं. जिथे चढणं आणि वाळणं यांची बरोबरी होते, तिथे ओलीची रेघ थांबते. वाळायची वाट बुजवली की रेघ वर सरकते. पंधरा वर्षांपूर्वी आजीच्या खोलीत ती गुडघ्याला होती, नंतर कमरेला.

आणि बारीक छिद्राची गंमत अशी की ते पाणी घट्ट धरतं आणि सावकाश सोडतं. छिद्र वीसपट बारीक झालं, तर तेवढ्याच एकूण जागेतून, तेवढ्याच दाबाखाली पाणी चारशेपट कमी वाहतं. चुन्याचा गिलावा भिजतो लवकर, पण पाऊस उघडला की वाळतोही. सिमेंटचा थर भिजायला वेळ लावतो आणि वाळताना तर फारच.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "पण भिजायला वेळ लावतो ना. मग आत पाणी आलं कसं?"

"भिंतीला तडे आहेत का काका? बाहेरून, बारीक?"

"केसासारखे आहेत. सगळीकडे."

सिमेंट ताठ असतं. जांभा आणि जुना चुना उन्हापावसात थोडे हलतात, सिमेंट हलत नाही, चिरतं. केसाएवढा तडा म्हणजे ७० मायक्रॉन, सिमेंटच्या छिद्रापेक्षा हजारपटीहून रुंद. झडीचं पाणी तिथून आत जातं, आणि बाहेर मात्र ०.०५ मायक्रॉनमधून यावं लागतं. हा तडा माझ्या ग्राफवर नव्हता. काकांनी छिन्नीने काढलेला तुकडा दोन तड्यांमधला, धडधाकट होता. तडा असलेला तुकडा तर हातातच मोडतो.

थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग काका म्हणाले, "अंगणात फरशी घातली ना, त्यानंतरच्या पावसापासून जास्त झालं. उतार घराकडे आलाय तिचा. हे तुझ्या ग्राफात आहे का?"

नव्हतं.

चुना वाळेपर्यंत

गवंडी शेवटी मिळाला, शेजारच्या गावात, सत्तरीचा. चुना चांगला भिजवून, मुरवून घ्यायचा, घाई करायची नाही, एवढ्याच त्याच्या अटी. "आधी भिंत वाळू दे, मग बघू," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याने कुठलाही ग्राफ बघितला नाही.

चुना लावून झाला म्हणजे काम झालं असं नसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, त्याला हातातून. मुरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. ७४ ग्रॅम चुन्याची १०० ग्रॅम चुनखडी होते, म्हणजे गिलावा हवेतून वजन कमावतो. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि त्यात त्याची छिद्रंही बदलतात. म्हणून नव्या गिलाव्याचा तुकडा आणून पणजोबांच्या चुन्याच्या रेघेवर टाकायचा मोह मी आवरला. शंभर वर्षांच्या चुन्याशी सहा महिन्यांच्या चुन्याची तुलना करून कुणाचं भलं होणार नव्हतं. अजून दहा वर्षांनी बघू.

सगळ्या घराचा खर्च एकदम कुणालाच झेपणारा नव्हता. तोडगा काकांनी काढला. पश्चिमेच्या भिंतीला दोन खोल्या लागतात, आजीची आणि शेजारची धान्याची. आजीच्या खोलीचं सिमेंट काढून चुना लावायचा. धान्याच्या खोलीचं सिमेंट तसंच ठेवायचं. अंगणातली फरशी दोन्हीकडून हातभर उखडून पाण्याला बाहेरची वाट द्यायची. "एकाच पावसात दोन्ही भिजू देत," काका म्हणाले, "मग काय ते कळेल." बाबांनी मान्य केलं. कंत्राटदाराला त्यांनी नंतर कळवतो म्हणून सांगितलं.

सिमेंट काढताना काही चिऱ्यांची तोंडं त्याच्याबरोबर निघून आली. ती भिंत नोव्हेंबर ते फेब्रुवारी उघडी ठेवली, मग गिलावा झाला.

पहिला पावसाळा गेला. दोन्ही खोल्यांतली ओल खाली आली. धान्याच्या खोलीतली, सिमेंटवाली, थोडी. आजीच्या खोलीतली जास्त. म्हणजे काकांची फरशीही खरी होती आणि चुनाही खरा असावा. एका पावसावरून एवढंच म्हणता येतं. बाबांनी ग्रुपवर काही टाकायच्या आधी मला विचारलं, हेही नमूद करते. आजी अजून माजघरातच झोपते. तिला आता तिथला पंखा आवडतो.

मोजणी काका करतात. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी, दोन्ही खोल्यांत, ओल जिथे संपते तिथे पेन्सिलची आडवी रेघ आणि तारीख. टेपने उंची मोजतात आणि मला आकडे पाठवतात. मी ते एका शीटमध्ये भरते, दोन रंगांत.

पहिल्याच रविवारी मला त्यांचा फोन आला होता. आकडे सांगायच्या आधी म्हणाले, "थांब, एक अडचण आहे. धान्याच्या खोलीची जमीन आजीच्या खोलीपेक्षा वीतभर उंच आहे. जमिनीपासून मोजलं तर जमायचं नाही. दोन्हीकडे जोत्याच्या रेघेपासून धरू का?"

मी म्हटलं, धरा.